मुस्लिम वस्तीत आरोग्यसेविका नेमायच्यात? परवानगीच्या आधी पगाराचं ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. तुमची संस्था भिवंडीतल्या यंत्रमाग वस्त्यांमध्ये माता-बाल आरोग्याचं काम सुरू करते आहे. वस्ती जवळजवळ पूर्ण मुस्लिम आहे आणि घरोघरी जाण्यासाठी बायका नेमायच्या आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आधी मौलवींची परवानगी घ्यावी का? सेविका वस्तीतल्याच घ्याव्यात की बाहेरच्या शिकलेल्या मुली आणाव्यात? आणि देणगीदार ‘सामाजिक बदल दाखवा’ म्हणतात, तर बांगलादेश-पाकिस्तानात आरोग्यसेविकांमुळे समाज खरोखर बदलला, की ते फक्त अहवालात लिहिण्यापुरतं?

मी आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देण्याचं काम करते. सुरुवात भिवंडी-मालेगावात झाली, मधली काही वर्षं बांगलादेशात गेली आणि आता पुन्हा महाराष्ट्रात आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन त्यावर अवलंबून आहेत. हो, समाज बदलतो, आणि त्याला चांगला पुरावा आहे. पण ती बाई घरोघरी काय सांगते यापेक्षा ती स्वतः कशी दिसते याने तो जास्त बदलतो. आपल्याच गल्लीतली, ओळखीच्या घरातली एक सून रोज खांद्याला पिशवी लावून बाहेर पडते, तिच्याकडे उपयोगाचं काही असतं, तिला त्याचे पैसे मिळतात आणि ती संध्याकाळी सुखरूप घरी येते. हे गल्लीने वर्षभर पाहिलं की पुढच्या सुनेला ‘नाही’ म्हणणं घरच्यांना अवघड जातं. म्हणून तुमचं खरं काम त्या बाईला उभी करणं आणि उभी ठेवणं हे आहे.

आता दाराशी काय अडतं ते पाहू. अडवतो तो धर्म, असं तुम्ही धरून चालला आहात. धर्म असतोच, तो नाही असं मी म्हणणार नाही. पण दार का उघडलं नाही याची कारणं मी सेविकांना वहीत लिहायला लावते, आणि ती साधारण अशी निघतात. नवरा रात्रपाळी करून आलाय, घर एका खोलीचं आहे, तो तिथेच झोपलाय. सासू बाहेर गेलीय, तिला विचारल्याशिवाय सून बोलणार नाही. मागच्या खेपेला लस दिल्यावर पोराला ताप आला आणि विचारायला गेलो तर दवाखान्यात कोणी धड बोललं नाही. तिथे बाई डॉक्टर नाही. आणि मग एखाद्या घरी ‘हमारे में नहीं चलता’ ऐकू येतं. हे वाक्य आलं की नवखी सेविका ‘धार्मिक विरोध’ लिहिते आणि पुढच्या घराकडे वळते. अनुभवी सेविका थांबते, चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलते, आणि त्या वाक्यामागून वरच्यापैकीच एखादं कारण बाहेर येतं. झोपलेल्या नवऱ्यावर उपाय आहे, वेळ बदलता येते. बाई डॉक्टर नसण्यावर उपाय आहे, आठवड्यातून एक दिवस का होईना, आणता येते. ‘धार्मिक विरोध’ लिहून टाकलं की उपाय शोधायचंच थांबतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून सांगू शकत नाही. भिवंडी म्हणजे एकच वस्ती नव्हे. जुन्या कोकणी मुस्लिम मोहल्ल्यातली बाई घरात मराठीसारखीच बोली बोलते, तिच्या दोन पिढ्या शाळेत गेलेल्या असू शकतात. पूर्वांचलातून, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशातून, आलेल्या अन्सारी विणकरांच्या गल्लीची रीत वेगळी. बिहार-बंगालमधून आलेले मजूर भाड्याच्या खोलीत राहतात आणि तिथल्या बाईचं माहेर हजार मैलांवर असतं, त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारं जवळ कोणीच नसतं. घरबसल्या कामाचे पैसे तिच्या हातात पडतात का, खोली स्वतःची की भाड्याची, सासू सोबत राहते की गावी, यावर बाईला किती मोकळीक आहे ते ठरतं. आधी गल्लीवार ही माहिती गोळा करा. त्यासाठी मोठं सर्वेक्षण नको, वस्तीतल्या दाईशी आणि किराणा दुकानदाराशी बसून बोललात तरी बरंच कळेल.

कोणाला नेमावं, याबाबत बांगलादेशातल्या मतलबचा अनुभव मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. मतलब हा मेघनेच्या खोऱ्यात, चांदपूर जिल्ह्यात येतो. तिथे १९६०च्या दशकापासून पटकीच्या संशोधनासाठी प्रत्येक घराच्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जात होती, म्हणून तिथे काय केल्यावर काय झालं ते नीट तपासता आलं. १९७५मध्ये गर्भनिरोधक गोळ्या आणि निरोध घरोघरी वाटायला सुरुवात झाली. वाटायला निवडल्या त्या मुख्यतः गावातल्या दाया: वयस्क, बहुतेक विधवा, निरक्षर. कागदावर हा विचार अगदी बरोबर दिसतो, कारण दाईला प्रत्येक घरात प्रवेश असतो. प्रत्यक्षात वापर आधी थोडा वाढला आणि लवकरच घसरला. दाईला बाळंतपणापुरतं घरात घेत, पण तिचं काम अशुद्ध मानलं जाई आणि तिच्या शब्दाला वजन नव्हतं. तिचं प्रशिक्षण जुजबी होतं. गोळीने मळमळलं तर काय करायचं ते तिला सांगता येत नव्हतं, आणि जाऊन विचारावं असं तिच्या पाठीशी कोणी नव्हतं.

ऑक्टोबर १९७७मध्ये रचना बदलली. सत्तर गावांसाठी ऐंशी नव्या सेविका घेतल्या. सगळ्या तरुण, विवाहित, साधारण आठवीपर्यंत शिकलेल्या, गावात मान असलेल्या घरांतल्या, आणि स्वतः गर्भनिरोधक वापरणाऱ्या. त्या दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जात. पिशवीत एकाऐवजी अनेक साधनं असत, इंजेक्शनसुद्धा घरीच देत. त्रास झाला तर बाईला पाठवायला जवळच उपकेंद्र होतं आणि तिथे प्रशिक्षित स्त्री कर्मचारी बसत. दीड वर्षात सुमारे एक तृतीयांश जोडपी साधनं वापरू लागली आणि १९९०पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. शेजारच्या, सरकारी सेवा चालू असलेल्या तुलनेच्या गावांत तेव्हा ते बरंच कमी होतं. त्याच नद्या, तीच गरिबी, तेच इमाम. बदलली होती ती दाराशी येणारी बाई आणि तिच्या पाठीमागची व्यवस्था.

देणगीदारांना दाखवण्यासारखं मतलबमधलंच आणखी एक आहे. १९९६मध्ये त्याच गावांत घरोघर पाहणी झाली. सेवा मिळालेल्या गावांतल्या बायकांचं वजन उंचीच्या मानाने चांगलं होतं आणि त्यांच्या घरची मालमत्ता तुलनेच्या गावांपेक्षा जास्त होती. वीस वर्षांपूर्वी दर पंधरवड्याला येऊन ओट्यावर बसणाऱ्या बाईचा परिणाम इथवर पोचला होता. मात्र तो दिसायला वीस वर्षं लागली. तुमच्या तीन वर्षांच्या प्रकल्पात तो दिसावा अशी अपेक्षा कोणी धरली तर त्यांना हे स्पष्ट सांगा.

मतलबमधून मी स्वतःसाठी काढलेला धडा असा: सेविका वस्तीतलीच हवी, तिच्या शब्दाला आधीपासून थोडं वजन हवं, आणि ज्याबद्दल ती बोलते ते तिने स्वतः केलेलं हवं. पण एक सावधगिरी घ्या. ‘मानाच्या घरातली’ हा निकष डोळे झाकून लावला की मालकांच्या, शिकलेल्यांच्या घरांतल्याच बायका निवडल्या जातात, आणि त्या भाडेकरूंच्या गल्लीत जायला बिचकतात किंवा तिथे हुकूम सोडल्यासारखं बोलतात. मी गल्लीवार निवड करते. भाडेकरूंच्या गल्लीसाठी भाडेकरूच घेते, मग ती आठवीऐवजी सहावी शिकलेली असली तरी चालेल. नोंदी लिहायला शिकवता येतं, शेजारणींचा विश्वास शिकवून येत नाही.

बाहेरच्या शिकलेल्या मुली अजिबात चालत नाहीत असंही नाही. ढाक्याजवळ साभार इथे डॉ. जफरुल्ला चौधुरी यांनी १९७२मध्ये सुरू केलेल्या गणस्वास्थ्य केंद्राने तरुण मुलींना प्रशिक्षण देऊन सायकलवर गावोगाव पाठवलं. सत्तरच्या दशकात, मुली, सायकलवर! त्या मुलींनी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियासुद्धा शिकून केल्या आणि त्याचे निष्कर्ष १९७५मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पण त्यांच्या पाठीशी केंद्राचं आवार होतं, राहायची सोय होती, डॉक्टर होते आणि गावात संस्थेची पत होती. तुमच्याकडे यातलं काही अजून नाही. म्हणून घरोघरी जायला वस्तीतल्या बायका आणि त्यांच्यावर देखरेखीला बाहेरच्या एक-दोन अनुभवी परिचारिका, असं मी सुचवेन.

आता मौलवी. माझं मत: भेटायला जरूर जा, पण परवानगी मागायला जाऊ नका. परवानगी मागितली की ती नाकारण्याचा हक्कही तुम्हीच हातात देता, आणि मग मोहल्ल्यातल्या दुसऱ्या गटाचे मौलवी म्हणतात, आम्हाला का नाही विचारलं? भेटून काय करणार आहात ते सांगा, त्यांच्या घरातल्या गरोदर सुनेची तपासणी करायची का ते विचारा आणि चहा घेऊन या. इमामसाहेबांच्या घरून सेवेचा लाभ घेतला गेला तर मोहल्ल्याला वेगळा संदेश द्यावा लागत नाही.

याहून महत्त्वाचे आहेत घरातले पुरुष, आणि ते बहुतेक कार्यक्रमांत राहून जातात. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या मोठ्या स्वयंसेवी संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या सगळ्या तरुण बायका, आणि त्या एक कोटीहून जास्त घरांत गेल्या. पगार ठरवायची रीत तर अगदी डोळे उघडणारी होती. तपासनीस नंतर येऊन काही आयांना तेच पाणी करायला लावत आणि आयांना किती जमलं त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत. तरीही सुरुवातीला एक विचित्र गोष्ट दिसली. आयांना सगळं तोंडपाठ होतं, पाणी बरोबर करून दाखवत, पण घरात जुलाब झाले की फार थोड्या जणी ते देत. शोध घेतल्यावर दोन कारणं निघाली. शिकवणाऱ्या बायकांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता, आपल्या घरी त्या औषधच आणत. आणि पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळे बायकांचं हे नवं खूळ त्यांना पटत नव्हतं. मग सेविकांना रुग्णालयात नेऊन या पाण्याने माणसं कशी उठून बसतात ते दाखवलं, आणि पुरुषांच्या बैठका बाजारात, शाळेत, मशिदीत नमाजनंतर घेतल्या. त्यानंतर वापर वाढला.

भिवंडीत पुरुषांना गाठायचं असेल तर बहुतेक माग शुक्रवारी बंद असतात हे लक्षात ठेवा. जुम्म्याच्या नमाजनंतरचा तास-दीड तास फार मोलाचा असतो. त्या बैठकीला पुरुष कार्यकर्ता हवा, तुमच्या सेविकांपैकी कोणाचा तरी नवरा असला तर उत्तम. बायकांना भेटायची वेळ मी दुपारची ठेवते, जोहर (दुपारची) आणि असर (तिसऱ्या प्रहरची) या नमाजांच्या मधली. सकाळी रात्रपाळीवाले झोपलेले असतात, संध्याकाळी स्वयंपाकाची गडबड असते.

सेवा आधी, बोलणं नंतर, हे प्रशिक्षणात सांगून फारसं उतरत नाही, एकदा पाहिलं की कळतं. २०२२च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवरची साथ होती तेव्हाचा एक प्रसंग सांगते. लस न घेतलेल्या मुलांच्या यादीतलं एक घर होतं, आधीच्या पथकाला तिथून परत पाठवलेलं. आमची सेविका गेली तर सासू उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ‘बच्चे का बाप सोया है, बाद में आना,’ वर न बघताच म्हणाली. सेविकेने लसीचं नावच काढलं नाही. ‘अम्मी, बीपी की गोली चालू है ना आपकी?’ असं म्हणत ती तिथेच पायरीवर टेकली आणि पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं. पट्टा बांधताना सासूने लसणाची परात बाजूला सारली, बाही वर केली. आकडा बराच वर निघाला. गोळ्या संपून महिना झाला होता, आणि दवाखान्यातली रांग उभं राहण्यासारखी नव्हती. सेविकेने दुसऱ्या दिवशी गोळ्या आणून दिल्या. तिसऱ्या भेटीत सासूनेच नातवाला बाहेर आणलं आणि म्हणाली, ‘इसको भी देख लो, इसका कुछ बाकी है बोलते थे.’ त्या घरातला निर्णय सासूच्या हातात होता आणि सासूला आजवर कोणी काही दिलं नव्हतं.

उत्तर प्रदेशातल्या पोलिओ मोहिमेला हेच फार मोठ्या प्रमाणावर अनुभवावं लागलं. २००२मध्ये देशात पोलिओचे सुमारे सोळाशे रुग्ण सापडले, त्यातले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले, आणि मुस्लिम कुटुंबांतल्या मुलांचं प्रमाण त्यात जास्त होतं. डोसांनी पोरं नपुंसक होतात अशी अफवा होती. पण लोकांचा साधा सवालही होता: गटार साफ करायला कोणी येत नाही, तापाला गोळी मिळत नाही, मग हे दोन थेंब घेऊन पुन्हा पुन्हा का येता? पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया अशा संस्था सोबत आल्या, मशिदींतून घोषणा झाल्या, आणि त्याच वस्त्यांमधल्या बायका घरोघरी जाऊ लागल्या. २००९च्या सुमारास उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या जास्त धोक्याच्या १०७ विकासगटांत (ब्लॉकमध्ये) पोलिओबरोबर स्वच्छता, जुलाबावर ओआरएस आणि जस्ताच्या गोळ्या यांवरही काम सुरू झालं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. इमामांचा उपयोग झाला, नक्कीच झाला. पण घोषणा ऐकून घरी आलेल्या बापाला पटवणारी बाई गल्लीतलीच होती.

आता शीर्षकातली गोष्ट. पाकिस्तानात १९९४मध्ये बेनझीर भुत्तो यांच्या सरकारने ‘लेडी हेल्थ वर्कर’ कार्यक्रम सुरू केला. अट अशी की बाई त्याच गावातली असावी, किमान आठवी शिकलेली, शक्यतो विवाहित. तिचं घरच आरोग्यघर, दारावर पाटी. सुमारे हजार लोकसंख्या तिच्याकडे. प्रशिक्षण पंधरा महिन्यांचं, पहिले तीन वर्गात आणि उरलेलं काम करता करता. वाढत वाढत या बायकांची संख्या लाखाच्या आसपास गेली. ज्या खेड्यांत बाईने एकटीने शेजारच्या गल्लीत जाणंही नजरेत येई, तिथे हे झालं.

पण त्यांना कर्मचारी मानलं नव्हतं. मिळे ते मानधन, तेही किमान वेतनाहून कमी आणि महिनोन्महिने थकलेलं. आपल्या आशाताईंना हे वेगळं सांगायला नको. तर या बायका, ज्यांना घरून ‘फक्त आपल्याच गावात’ या अटीवर बाहेर पडू दिलं होतं, त्यांनी संघटना केली, रस्ते अडवले, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आधी किमान वेतनाचा आणि मग २०१२-१३च्या सुमारास नोकरी कायम करण्याचा निर्णय मिळवला. मार्च २०१८मध्ये राहिलेल्या मागण्यांसाठी त्या लाहोरच्या माल रोडवर कित्येक दिवस ठिय्या देऊन बसल्या होत्या. सामाजिक बदल कुठे दिसतो असं मला विचाराल तर मी लसीकरणाच्या टक्केवारीच्या आधी या ठिय्याकडे बोट दाखवेन. ज्या घरांनी कुरकुरत परवानगी दिली, त्याच घरांतल्या बायका दुसऱ्या शहरात रात्रभर रस्त्यावर बसल्या, आणि घरचे त्यांच्या पाठीशी राहिले कारण तो पगार आता घराचा आधार झाला होता. २०२३-२४मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानात बसल्या, त्यांत बुरखा घातलेल्याही होत्या. तोच धागा इथेही आहे.

म्हणून पगार. ठरलेल्या तारखेला, तिच्या नावाच्या खात्यात, किमान वेतनाहून कमी नाही. ‘सेवाभाव’, ‘स्वयंसेविका’, ‘भत्ता’ असले शब्द प्रस्तावातून काढून टाका. यावर मी कधीच तडजोड करत नाही, त्याची कारणं भावनिक नाहीत. सासरा किंवा नवरा सुनेला बाहेर पाठवताना मोहल्ल्यात दोन शब्द ऐकून घेतो. ते ऐकून घेण्यासारखं घरात काहीतरी आलं पाहिजे. पगार दोन महिने थकला की ‘बघा, फुकट हिंडते’ हे वाक्य तयारच असतं आणि मग तिला कोणताही मौलवी वाचवू शकत नाही. बांगलादेशात ब्रॅकच्या स्वास्थ्य सेविका पगाराऐवजी साबण, औषधं, पॅड विकून कमाई करत. ज्यांच्या गावात खरेदीची ऐपत होती त्या टिकल्या, बाकीच्या मोठ्या संख्येने गळाल्या. तुमच्या वस्तीत ऐपत नाही, तो मार्ग धरू नका. तीस बायकांना अर्धा पगार देण्यापेक्षा पंधरा जणींना पूर्ण द्या.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. २००७ ते २००९ या काळात पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात तालिबानने रेडिओवरून तिथल्या लेडी हेल्थ वर्करविरुद्ध प्रचार केला, फतवे निघाले, कित्येकींना काम सोडावं लागलं. डिसेंबर २०१२मध्ये कराची आणि पेशावर भागात पोलिओ डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांचे काही दिवसांत लागोपाठ खून झाले, मरण पावलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्याच्या आदल्या वर्षी बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने अबोटाबादेत लसीकरणाची खोटी मोहीम वापरल्याचं उघड झालं होतं, आणि त्या संशयाची किंमत ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा बायकांनी मोजली. आपल्याकडे इतकं टोक नाही. पण सेविकेच्या वहीतली माहिती दुसऱ्या कशासाठी वापरली जाईल ही शंका आपल्या मुस्लिम वस्त्यांतही आहे, आणि नागरिकत्वाच्या वादानंतर ती वाढली. त्यामुळे आरोग्याला लागत नाही ते विचारू नका. आधार क्रमांक, मूळ गाव, घरात किती जण कुठून आले, यातलं काही नको. कोणत्याही दुसऱ्या विभागाचं सर्वेक्षण आपल्या सेविकांकडून करून घेऊ देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला अर्धा पटतो. बांगलादेशात अभ्यासकांनी म्हटलं की सेवा दाराशी नेल्याने पडदा मोडला नाही, उलट टिकला. बाईला बाहेर पडायची गरजच उरली नाही. खरं आहे. पण पहिल्या दोन वर्षांत दाराशी गेल्याशिवाय ओळखच होत नाही. म्हणून मी दोन टप्पे करते. आधी सेवा घरी, मग गल्लीतल्याच एखाद्या घरात पाच-सहा जणींनी एकत्र जमायचं, मग तिथून सेविकेसोबत दवाखान्यापर्यंत. घरातून गल्ली, गल्लीतून रस्ता. बाळंतपणाच्या आधीच्या चार तपासण्यांपैकी शेवटच्या दोन दवाखान्यात झाल्याच पाहिजेत असं मी ठरवून टाकते. घाई केली की दार बंद होतं, आणि घरच्या भेटींवरच थांबलो तर तो आक्षेप खरा ठरतो.

इराणचा अनुभव थोडक्यात, कारण तो सरकारचा आहे आणि तुमच्या हाताबाहेरचा. तिथे खेड्याखेड्यांत आरोग्यघरं उभारली, त्यात गावातलेच एक स्त्री आणि एक पुरुष, दोन वर्षं शिकवून नेमले. भिंतीवर गावातल्या जन्म-मृत्यूंचा गोल तक्ता, वर्षभर भरत जाणारा. १९८९मध्ये तिथल्या इस्लामी सरकारनेच कुटुंबनियोजन पुन्हा हाती घेतलं आणि बाईमागे सहाच्या वर असलेला जननदर २०००च्या सुमारास दोनच्या आसपास आला. नंतर सरकारचं धोरण उलटलं, आणि २०२१च्या कायद्याने मोफत गर्भनिरोधकांवर निर्बंध आले. धर्म तोच होता, राज्यकर्त्यांना काय हवं ते बदललं. अफगाणिस्तानात तर डिसेंबर २०२४मध्ये मुलींचं परिचारिका आणि दाईपणाचं शिक्षणच बंद केलं. तुमच्या देणगीदारांपैकी कोणी ‘मुस्लिम समाजात हे होतं का’ असं विचारलं तर ढाका, तेहरान आणि काबूल ही तीन उत्तरं एकत्र ठेवा.

बदल मोजण्याचं शेवटी. बुरखे मोजू नका, किती जणींनी काढला वगैरे. त्याने सेविकाही दुखावतात आणि वस्तीही. मी सेविकांना दर सहा महिन्यांनी थोडेच प्रश्न लिहायला लावते. बाळंतपणाला बाईसोबत कोण गेलं? मूल आजारी पडल्यावर सेविकेला फोन कोणी केला, सुनेने की नवऱ्याने, आणि फोन कोणाचा होता? आरोग्य सोडून दुसऱ्या कशासाठी घरच्यांनी तिचा सल्ला विचारला, मुलीच्या शाळेसाठी, रेशनकार्डासाठी, मारहाणीच्या तक्रारीसाठी? आणि हेच प्रश्न सेविकेच्या स्वतःच्या घराबद्दलही. तिच्या खात्यातून पैसे कोण काढतं? तिची मुलगी दहावीनंतर शिकते आहे का? माझ्या अनुभवात बदल आधी सेविकेच्या घरात दिसतो, गल्लीत बराच नंतर. म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या अहवालात तिच्या घराच्या नोंदी ठळक द्या, अर्थात तिच्या संमतीने आणि नाव न घालता.

पुढच्या महिन्यात नेमणुका करणार असाल तर त्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: बारा महिन्यांचा पूर्ण पगार बँकेत बाजूला काढलेला, आठवड्यातून निदान एक दिवस बसणारी बाई डॉक्टर, आणि प्रत्येक सेविकेच्या पिशवीत सासूच्या कामाचं काहीतरी. यातली पहिली जमत नसेल तर नेमणुका पुढे ढकला. गल्लीवार माहिती जमली की इथेच लिहा, कोणत्या गल्लीपासून सुरुवात करावी ते त्यावरून सांगता येईल.